बत्तीसपैकी दहावा

दाओ: बाबा, तो टोमॅटो ताटात परत ठेवा.

खाम्मून: एकच होता.

दाओ: तिसरा होता. मी मोजतेय. आज रविवार आहे. डायलिसिस परवा शुक्रवारी झालं आणि पुढचं उद्या, म्हणजे आठवड्यातला सगळ्यात मोठा खंड. रक्तात पोटॅशियम सगळ्यात जास्त असतं ते आजच्या दिवशी. आणि तुम्ही नेमका आजच मला जेवायला बोलावता, तेही पपईच्या कोशिंबिरीवर.

खाम्मून: तीन वर्षांत पहिल्यांदा बाहेर जेवतोय. टोमॅटो तरी मोजू नकोस.

बुअलाय: खाऊ दे गं त्यांना! पपई दोनदा उकळत्या पाण्यातून काढलीय, तू फोनवर सांगितलंस तश्शी. पदेक किती घातलं माहितीय? अर्धा चहाचा चमचा! वर्षभर बरणीत मुरवलेला मासा, आणि अर्धा चमचा! माझ्या आईला कळलं तर वरून चप्पल फेकून मारेल.

खाम्मून: तरीच. मी म्हटलं, हिच्या हाताची चव गेली की माझ्या जिभेची.

बुअलाय: जिभेला काय धाड भरलीय तुमच्या? मागच्या महिन्यातल्या त्या लग्नात पाऊण तास मंत्र म्हटलेत, श्वास न घेता. दाओ, भाताच्या टोपलीवर झाकण ठेव आधी. उघडी टोपली ठेवली की संसार मोडतो.

दाओ: माझं लग्नच झालेलं नाही, मावशी.

बुअलाय: मग उगाच का सांगतेय! कॉलेजात होतीस तेव्हापासून बघतेय, एकदा झाकण लावशील तर शप्पथ. आलेच हं, चार नंबरच्या टेबलावर ती पोरं लापचा तिखट खिमा मागवून हसतायत. तिखट लागलं की रडतील.

दाओ: बाबा, ती येण्याआधी सांगा. इथं का बोलावलंत?

खाम्मून: जेवायला.

दाओ: शुक्रवारी मला हॉस्पिटलमधून फोन आला होता.

खाम्मून: बरं.

दाओ: बुधवारचं किडनीचं ऑपरेशन तुम्ही नको म्हणून कळवलंत.

खाम्मून: माझं इंग्रजी कच्चं आहे. त्या बाईला काहीतरी भलतंच कळलं असेल.

दाओ: फोनवर दुभाषा होता. अख्ख्या सिडनीत लाओ दुभाषे दोन. दोघांच्याही लग्नात दोरे तुम्हीच बांधलेत. त्यांना तुमचं बोलणं भलतंच कळेल?

खाम्मून: ...भात घे थोडा. गार झाला की दगड होतो.

दाओ: उद्या सकाळी दहापर्यंत तुम्ही हो म्हणालात तर बुधवार आपला. नाहीतर ती वेळ दुसऱ्या कोणाला देणार. सहा महिने माझ्या तपासण्या चालल्या होत्या, बाबा. बारा वेळा रक्त दिलं. मानसोपचारवाल्या बाईनं दीड तास विचारलं की कोणी जबरदस्ती तर करत नाही ना. मी म्हटलं, उलट आहे, मलाच करावी लागतेय. ती हसली. आता मला हसू येत नाहीये.

खाम्मून: तुझी नोकरी आहे. त्या पाण्याच्या प्रयोगशाळेत जड बाटल्या उचलतेस.

दाओ: सहा आठवडे रजा मंजूर आहे. पुढचं कारण?

खाम्मून: कारणं काय भाजीवाल्याकडून आणायची?

दाओ: एक द्या. खरं असलं म्हणजे झालं.

खाम्मून: खुआन.

दाओ: काय खुआन?

खाम्मून: तुला ठाऊक आहे काय ते. पाळण्यात असल्यापासून ऐकतेस. माणसात बत्तीस खुआन. एकेका अवयवाला एकेक राखणदार. आजारपण आलं, घाबरलं, दूरच्या प्रवासाला गेलं की त्यातला एखादा घर सोडतो, भटकतो. मग माझ्यासारख्यानं त्याला हाका मारून परत आणायचं आणि जाऊ नये म्हणून मनगटावर दोरा बांधायचा. चाळीस वर्षं मी हेच करतोय. आणि आता माझ्याच मुलीचा एक काढून मी माझ्यात घालून घेऊ? तू एकतीसवर राहशील. एकतीसवाल्या माणसाचं काय होतं ते मी पाहिलंय. जेवतो, झोपतो, आणि दिवसेंदिवस पुसट होत जातो.

दाओ: बत्तीस म्हणजे कोणते? नावं सांगा.

खाम्मून: आता? जेवताना?

दाओ: मी कागदावर लिहून घेते. हा कागदी रुमाल चालेल. बोला.

खाम्मून: केस, रोम, नखं, दात, कातडी. मांस, स्नायू, हाडं, मज्जा, किडन्या. हृदय, यकृत...

दाओ: थांबा. किडन्या दहाव्या?

खाम्मून: विहारात बाराव्या वर्षी पाठ केलंय. पाच-पाचच्या घासात. दहाव्याच.

दाओ: मी आकडा विचारत नाहीये. किडनी म्हणालात की किडन्या?

खाम्मून: किडन्या.

दाओ: दोन्ही मिळून एक?

खाम्मून: दोन्ही मिळून एक. केसांचे कोणी लाख खुआन मोजतं का?

दाओ: म्हणजे दहावा खुआन एकच आणि तो दोन्हींचा राखणदार. एक माझ्यात राहिली, एक तुमच्यात आली. मग तो घर सोडून कुठं गेला? माझ्याकडं तो आहेच. तुमच्याकडंही आहे. बत्तीसच्या बत्तीस.

बुअलाय: काय झालं? गुरुजी असे का बघतायत? मिरची चावली?

दाओ: मावशी, एक खुआन दोन ठिकाणी राखण करू शकतो का?

बुअलाय: न करायला काय झालं? आमचे हे नाही का, दोन घरं सांभाळायचे! एक इथं, एक पलीकडं फेअरफिल्डला. दोन्हीकडं वेळेवर जेवायला हजर. मेला तो एकदाचा, पण एकाही घरची वेळ चुकवली नाही.

खाम्मून: बुअलाय, हसण्यावारी नेऊ नकोस.

बुअलाय: मी कुठं हसतेय? हसायचं संपलं ते दहा वर्षांपूर्वी. कशाचा विषय आहे पण?

दाओ: बाबांनी ऑपरेशन नको म्हणून कळवलंय.

बुअलाय: काय? आणि मी बुधवारी हॉटेल बंद ठेवणार म्हणून दारावर पाटी लावलीय! गुरुजी, मेंदूलाही डायलिसिस लागतंय का तुमच्या?

खाम्मून: तुम्ही दोघी ऐका. समजा ही म्हणते तसं. समजा तो दोन्हीकडं राहू शकतो. पण पोट फाडल्यावर घाबरला, वाट चुकला, हॉस्पिटलच्या त्या लांब पांढऱ्या बोळात कुठं फिरत राहिला तर? त्याला हाक कोण मारणार? सिडनीत हाक मारणारा मी. आणि मी शेजारच्या खोलीत गुंगीत पडलेला.

दाओ: ...हे मात्र मी धरलं नव्हतं.

बुअलाय: मेलबर्नचे ते म्हातारबुवा आहेत की.

खाम्मून: गेल्या वर्षी त्यानं नवऱ्यामुलाच्या जागी नवरीच्या बापाचं नाव घेतलं. सगळ्या मंडपानं ऐकलं. अजून त्या घरात जावई सासऱ्यासारखा वागतो.

दाओ: बाबा, हा प्रश्न खरा आहे. पण कारण हे नाही.

खाम्मून: म्हणजे?

दाओ: गेल्या मार्चमध्ये सुवानकाकांना त्यांच्या मुलाची किडनी बसली. ते नको म्हणत होते. डायलिसिसच्या खुर्चीवर तुमच्या शेजारी बसून महिनाभर नको म्हणत होते. त्यांना कोणी समजावलं? तुम्ही. त्यांचे दोरे कोणी बांधले? तुम्ही. त्यांच्या मुलाचे? तेव्हा एकतीस झाले नाहीत, आणि माझेच का होतात?

खाम्मून: सुवानचं वेगळं.

दाओ: काय वेगळं? वय सारखं, आजार सारखा, शेजारची खुर्ची. एकच गोष्ट बदललीय, ती म्हणजे घेणारे तुम्ही आहात.

खाम्मून: बुअलाय, आत काहीतरी जळतंय.

बुअलाय: काही जळत नाहीये. माझं नाक शाबूत आहे. सांगा तिला फूमीचं.

खाम्मून: तू आत जा.

बुअलाय: माझं हॉटेल आहे, मी कुठंही बसेन. आणि बसलेच. सरक गं. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते, मला जेवढं ठाऊक आहे तेवढं.

दाओ: फूमी म्हणजे मोठे काका? ते नदीत गेले एवढंच मला माहीत आहे. आई सांगायची, त्यांचं नाव बाबांपुढं काढायचं नाही.

बुअलाय: अठ्ठ्याहत्तर साल. लाओसातून पळून मी आधीच नदीपलीकडं, थायलंडात, नोंगखाईच्या निर्वासितांच्या छावणीत. पहाटे नदीवर पाणी भरायला गेले, तर चिखलात हा माणूस. एकोणीस वर्षांचा, काडीसारखा. मनगटाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, हवा भरलेली, फुग्यासारखी. आम्ही ती सोडायला गेलो तर चावायला उठला. दोन दिवस तशीच मनगटाला. हवा गेली तरी तशीच. शेवटी झोपेत मी गाठी सोडल्या. तीन गाठी होत्या, पाण्यानं आवळलेल्या. दातांनी सोडवाव्या लागल्या मला. बास, यापुढचं मला ठाऊक नाही. शेहेचाळीस वर्षांत कधी विचारलं नाही.

दाओ: बाबा?

खाम्मून: पाणी दे.

दाओ: आजचं पाणी साडेसहाशे मिली झालंय. दोन घोट घ्या.

खाम्मून: दोन पिशव्या होत्या. एक त्याची, एक माझी. मेखोंगच्या काठाला झुडपात बसून फुंकल्या. माझी काट्याला लागली आणि फुस्स झाली. एवढा बारीक आवाज, पण मला वाटलं अख्ख्या नदीनं ऐकला. फूमीनं आपली पुढं केली.

दाओ: तुम्ही नको म्हणालात?

खाम्मून: तीनदा.

दाओ: मग?

खाम्मून: तो म्हणाला, मला पोहता येतं.

दाओ: आणि तुम्हाला येत नव्हतं.

खाम्मून: मला त्याच्याहून चांगलं यायचं.

बुअलाय: ...अगं बाई.

खाम्मून: लहानपणापासून. आमच्या गावच्या ओढ्यात मी त्याला दर वेळी हरवायचो. त्यालाही ठाऊक, मलाही ठाऊक. तो खोटं बोलत होता आणि मी ते खोटं आहे हे जाणून गप्प बसलो. तोंडानं नको म्हणालो, तीनदा. पण मनगट पुढं केलेलं होतं. त्यानं दोरी बांधली, तीन गाठी मारल्या. निम्म्या नदीपर्यंत त्याचा श्वास ऐकू येत होता. मग नाही आला.

दाओ: तुम्ही हे कोणाला...

खाम्मून: तुझ्या आईलाही नाही. आता ऐक. तू ऑक्टोबरात म्हणालीस, बाबा मी देते. मी काय म्हणालो?

दाओ: नको म्हणालात.

खाम्मून: किती वेळा?

दाओ: ...बऱ्याच वेळा.

खाम्मून: आणि दुसऱ्या दिवशी रक्त जुळतंय का बघायला हॉस्पिटलात कोण जाऊन बसलं? मीच. बाही वर करून. तोंड नको म्हणत होतं, हात पुढं होता. गुरुवारी आंघोळ करताना या सुया टोचलेल्या हाताकडं बघितलं आणि कळलं की मी पुन्हा तेच करतोय. म्हणून फोन केला. या खेपेला हात मागं घेतला. तू मला काठावर सोड. मी पोहून जाईन. मला येतं.

दाओ: किती?

खाम्मून: काय किती?

दाओ: किती पोहाल? मी आकडे वाचलेत. तुमच्या वयाच्या माणसाला डायलिसिसवर सरासरी पाच-सहा वर्षं. माझी किडनी बसली तर त्याच्या दुप्पट, कदाचित जास्त. म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. तुम्हाला पोहता येतं. उद्या काही तुम्ही बुडत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तरी देतेय.

खाम्मून: का?

दाओ: काकांनी का दिली?

खाम्मून: ते मला कळलं असतं तर!

दाओ: तुम्ही त्याच्याहून चांगले पोहता हे त्यांना माहीत होतं. मग त्यांना झुडपात काय दिसलं असेल? तुम्ही कसे दिसत होतात?

खाम्मून: थरथरत होतो.

दाओ: मला तुम्ही दर रविवारी तसे दिसता. लांब खंडाच्या दिवशी. सकाळपासून छातीवर हात ठेवून ठोके मोजता आणि मी आले की हात काढून घेता. तुम्हाला वाटतं मला दिसत नाही. आणि एक फरक आहे. काकांनी आकडा लपवला, मी लपवत नाही. किडनी देणाऱ्या दहा हजारांत तीन माणसं दगावतात. तीन. शून्य नाही. मलाही भीती वाटते, बाबा. सोमवारपासून नीट झोप नाही. पण मी तुम्हाला पोहता येतं म्हणून खोटं सांगत नाहीये, आणि मी नदीत उतरतही नाहीये. मी शेजारच्या खोलीत असेन, आणि चौथ्या दिवशी घरी जाईन.

खाम्मून: फूमीलाही वाटलं असेल, घरी जाईन.

दाओ: असेल. तुम्ही उद्या नाही म्हणालात तर मी चिडेन, महिनाभर बोलणार नाही, मग येऊन तुमचे टोमॅटो मोजेन. पण नाही म्हणायचं तर फूमीकाकांचं नाव घेऊन म्हणा. बिचाऱ्या खुआनच्या गळ्यात घालू नका.

बुअलाय: गुरुजी, एक बोलू? रागावू नका. त्या गाठी सोडवल्या तेव्हा तुमच्या उजव्या मनगटावर वळ होता, लाल. पुढं तुम्ही दुसऱ्यांची मनगटं बांधायला लागलात. हजारो बांधलीत. माझ्या दोन्ही पोरांची, त्या मेल्या नवऱ्याचीसुद्धा. तुमचं उजवं मनगट मात्र कधी कोणाला बांधू दिलं नाहीत. मला वाटायचं, गुरुजींचा काहीतरी नियम असेल.

खाम्मून: नियम नव्हता.

बुअलाय: ते आज कळलं.

दाओ: बाबा, तुमच्या खिशात दोरे असतात ना कायम? एक द्या. पांढरा.

खाम्मून: काय करतेस?

दाओ: फूमीकाकांनी दोरी न विचारता बांधली. मी विचारून बांधते. बांधू का?

(खाम्मूनचा उजवा हात बराच वेळ टेबलाखाली राहतो. मग तो वर येतो.)

खाम्मून: थांब. आधी तोंडानं म्हणू दे. हो. ऐकलंस? तोंडानं म्हणालोय.

दाओ: ऐकलं.

खाम्मून: बांध आता. फार आवळू नकोस.

दाओ: उद्या दहाला फोन कोण करणार?

खाम्मून: मी करीन. त्या दुभाष्यालाच घे म्हणावं. पुढच्या वेळी मला टोमणे मारायला त्याला बरं पडेल.

दाओ: हॉस्पिटलात हा दोरा कापतील. ऑपरेशनला मनगटावर काही चालत नाही.

खाम्मून: कापायचा नाही. सोडवायला सांग. नर्सबाईंना गाठ सुटत नसेल तर हिला बोलवा, दातांनी सोडवते.

बुअलाय: आता ते दात राहिलेत का माझे! पण तुमचा तो खरा प्रश्न तसाच आहे, गुरुजी. बुधवारी हाक कोण मारणार?

खाम्मून: तुझं हॉटेल बंद आहे ना बुधवारी?

बुअलाय: पाटी लावलीय म्हटलं ना.

खाम्मून: मग ऑर्डर लिहायची वही आण.

बुअलाय: मी? अहो, बाईमाणूस कधी खुआन बोलावतं का? तो मान पुरुषांचा, विहारात राहून आलेल्यांचा. लोक काय म्हणतील?

खाम्मून: लोकांना तू अर्ध्या चमच्याच्या पदेकाची कोशिंबीर घालतेस, तेव्हा काही म्हणत नाहीत. आण वही.

दाओ: पोथीत बाईनं म्हणू नये असं लिहिलंय का, बाबा?

खाम्मून: आता तू पोथीला हात घालू नकोस. दहाव्यावरच माझी पुरेवाट झाली. लिही, बुअलाय. मोठ्या अक्षरात लिही, चष्मा विसरतेस. शिजवलेलं अंडं, केळी, भाताचा गोळा समोर ठेवायचा. आणि म्हणायचं: या हो या, रानात गेला असाल तर या, पाण्यात गेला असाल तर या, पांढऱ्या बोळात उभे असाल तर या. घर उघडं आहे, भात गरम आहे.

बुअलाय: 'पांढऱ्या बोळात' हे मूळचं आहे?

खाम्मून: नाही. ते आत्ता घातलं.

बुअलाय: ...भात गरम आहे. झालं. मग नावं?

खाम्मून: आधी हिचं. पूर्ण नाव घे, टोपणनाव नको. तीनदा.

बुअलाय: तीनदा. मग?

खाम्मून: मग माझं. जरा मोठ्यानं घे. मी झोपलेला असेन.